आधी कुठली तार?

गेल्या मे महिन्यात मी आठ दिवस भाट्याला घरी होतो. एका संध्याकाळी शेजारच्या काकी ओटीवर येऊन बसल्या आणि बाबांना म्हणाल्या, "भावजी, नव्या स्लॅबवर सोलर लावायचं चाललंय आमच्यात. तो पोरगा येऊन माप घेऊन गेला. तुमचं काय म्हणणं?"

बाबा वायरमन आहेत. पूल ओलांडून रत्नागिरीत जाता-येता लोक त्यांना हाक मारतात ती मोटर बंद पडली म्हणून, नाहीतर घरात लाइट नाही म्हणून. गेली दहा-बारा वर्षं ते इन्व्हर्टर आणि बॅटऱ्याही विकतात आणि घर चालतं ते मुख्यतः त्यावर. बाबांनी हातातला टेस्टर खिशाला लावला आणि दोन वाक्यं बोलले. पहिलं : "वहिनी, सोलरचा करंट डीसी असतो, त्याची ठिणगी पेटली तर विझत नाही." दुसरं : "आणि लाइट गेली की ते सोलरपण बंद पडतं. म्हणजे वादळात तुम्ही अंधारातच."

दोन्ही वाक्यं खरी आहेत. मी तिथेच लॅपटॉप घेऊन बसलो होतो. एकही शब्द खोडता येण्यासारखा नव्हता आणि तरी मला ते ऐकून कसंतरीच झालं. त्या कसंतरी होण्याचं कारण शोधताना मी एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत जाऊन पोचलो, म्हणून हे लिहितोय.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला बेसिक इलेक्ट्रिकल सगळ्यांनाच असतं, कॉम्प्युटरवाल्यांनाही. तेव्हा होस्टेलच्या माझ्या भिंतीवर टेस्लाचा फोटो होता. आमच्या पिढीला ही गोष्ट इंटरनेटनेच शिकवली : एडिसन व्यापारी, लबाड, डीसीवाला, टेस्ला साधा, प्रतिभावान, एसीवाला, एडिसनने एसीची बदनामी करायला हत्तीणसुद्धा विजेने मारली. शेवटी सत्याचा विजय झाला आणि आपल्या घरात एसी आला. गोष्ट छान आहे. तिच्यातली हत्तीण मात्र चुकीच्या जागी उभी आहे, तिच्याकडे मी नंतर येतो.

आधी थोडं तांत्रिक, कारण त्याशिवाय भांडण कळत नाही. डीसीमध्ये प्रवाह एकाच दिशेने वाहतो, बॅटरीतून निघतो तसा. एसीमध्ये तो सतत दिशा बदलतो, आपल्याकडे सेकंदाला पन्नास आवर्तनं. तारेतून वीज नेताना तार तापते आणि वीज वाया जाते. हे वाया जाणं करंटच्या वर्गाच्या पटीत असतं. तेवढीच वीज दहापट दाबाने नेली तर करंट दहाव्या हिश्श्यावर येतो आणि त्याच तारेतलं नुकसान शंभराव्या हिश्श्यावर. म्हणजे लांब न्यायची तर दाब वाढवा. पण घरात तो दाब चालणार नाही, तिथे पुन्हा उतरवायला हवा. हे चढवणं-उतरवणं ट्रान्सफॉर्मर करतो, आपल्याकडे ज्याला सगळे 'डीपी' म्हणतात तो. आणि ट्रान्सफॉर्मर फक्त एसीवर चालतो. एडिसनचं न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचं वीजघर ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू झालं ते ११० व्होल्टच्या आसपासच्या डीसीवर. दाब वाढवता येत नसल्यामुळे त्याची वीज साधारण मैलभराच्या पलीकडे परवडत नसे. १८८६ पासून जॉर्ज वेस्टिंगहाऊसने एसीचा धंदा सुरू केला आणि त्याला ही अडचण नव्हती. भांडणाचं मूळ एवढंच.

हिशेबात हरणारा माणूस मग हिशेबाबाहेरचं काहीतरी शोधतो. एडिसनला सापडलं ते असं, की एसी जास्त मारतो.

आणि हे खरं आहे. आपल्याकडे गावोगाव एक म्हणणं असतं, एक करंट फेकतो आणि एक ओढून धरतो. कुठला फेकतो आणि कुठला धरतो हे मात्र प्रत्येक वायरमन वेगळं सांगतो. पण पन्नास-साठ आवर्तनांचा एसी स्नायू आवळून धरतो, तार पकडलेला हात सुटत नाही, आणि हृदयाचा ठेका बिघडवायला डीसीच्या मानाने एसी कितीतरी कमी पुरतो, हे आजचं वैद्यकशास्त्रही सांगतं. एडिसन खोटं बोलत नव्हता. म्हणूनच प्रकरण अवघड आहे. तो खोटं बोलला असता तर मला हा लेख लिहावाच लागला नसता.

१८८८ साली हॅरॉल्ड ब्राउन नावाचा एक विद्युत अभियंता पुढे आला. जूनमध्ये त्याने वर्तमानपत्रात पत्र लिहून एसीवर बंदी मागितली. आपण स्वतंत्र आहोत, लोकांच्या जिवाची काळजी म्हणून बोलतोय, असं तो सांगे. प्रयोगासाठी जागा मात्र त्याला मिळाली ती एडिसनच्या प्रयोगशाळेत. ३० जुलै १८८८ रोजी कोलंबिया कॉलेजमध्ये त्याने जाणकारांसमोर प्रात्यक्षिक केलं. एक मोठा कुत्रा पिंजऱ्यात होता. त्याला आधी डीसीचे झटके दिले, ३०० व्होल्टपासून चढत चढत १००० पर्यंत. कुत्रा तडफडला, पण जिवंत राहिला. मग त्याच कुत्र्याला ३३० व्होल्टचा एसी दिला आणि तो मेला. निष्कर्ष : हजार व्होल्टचा डीसी मारत नाही, तीनशे तीसचा एसी मारतो.

सगळे आकडे खरे. फक्त जो कुत्रा मेला तो आधीच अर्धमेला होता. समोर बसलेल्यांनी तेव्हाच हा आक्षेप घेतला. ब्राउन दुसरा कुत्रा आणायला निघाला, तर प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेच्या माणसाने त्याला थांबवलं. आता मीच अर्धं सांगून थांबलो तर बरं दिसणार नाही : चार दिवसांनी ब्राउनने आधी काही न देता थेट एसी देऊन कुत्रे मारले आणि तेही मेले. म्हणजे त्याचा निष्कर्ष ढोबळमानाने बरोबर होता. बेइमानी क्रमात होती, आधी कुठली तार लावली यात.

हे वाचत होतो तेव्हा मी पुण्याच्या फ्लॅटवर होतो, रात्रीचा एक वाजला होता, आणि मी उठून पाणी प्यायलो. कारण हा प्रयोग मी केलेला आहे.

तीन वर्षांपूर्वी, आधीच्या नोकरीत, एका मोठ्या ग्राहकाला शोधयंत्रणा हवी होती, म्हणजे त्यांच्या लाखो कागदपत्रांतून हवं ते चटकन काढून देणारं सॉफ्टवेअर. एक आमचं होतं आणि एक सहा जणांच्या छोट्या कंपनीचं. तुलना करून आकडे द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी एकाच मशीनवर, एकाच डेटावर दोन्ही चालवली. आधी त्यांचं, मग आमचं. जो प्रोग्राम आधी चालतो त्याला डेटा डिस्कवरून उचलावा लागतो, आणि नंतर येणाऱ्याला तोच डेटा मेमरीत गरमागरम तयार मिळतो. हे कुठल्याही दुसऱ्या वर्षाच्या पोराला कळतं. मलाही कळत होतं. मी ते मुद्दाम केलं का? सुरुवातीला नाही. पण आकडे आल्यावर लक्षात आलं, आणि मी क्रम उलटा करून पुन्हा चालवून पाहिलं नाही. आलेख काढला. आमची काठी त्यांच्या काठीच्या दुप्पट उंच दिसत होती. मॅनेजरने पाठीवर थाप मारली. आलेखातला एकही आकडा खोटा नव्हता, आजही कोणी तपासला तर तो तसाच निघेल.

त्या सहा जणांत माझा होस्टेलमधला एक मित्र होता. वर्षभरात त्यांनी ते सॉफ्टवेअर बंद केलं. माझ्या आलेखामुळे केलं असं मी म्हणत नाही, शंभर कारणं असतात. क्रम उलटा केला असता तरी कदाचित आमचंच वेगवान निघालं असतं. ब्राउनसारखाच मीही ढोबळमानाने बरोबर असू शकतो.

न्यूयॉर्कमध्ये तेव्हा आणखी एक गोष्ट चालू होती. फाशीपेक्षा कमी क्रूर देहदंड शोधायला राज्याने समिती नेमली होती आणि तिच्यावर आल्फ्रेड साउथविक नावाचा बफेलोचा एक दंतवैद्य होता. त्याने एडिसनला मत विचारलं. एडिसनचा देहदंडालाच विरोध होता, म्हणून आधी त्याने नकार दिला. साउथविकने पुन्हा लिहिलं. डिसेंबर १८८७ मध्ये एडिसनने उत्तर दिलं : विजेने मारायचंच असेल तर सगळ्यांत योग्य म्हणजे एसी यंत्रं, आणि या देशात ती मुख्यतः वेस्टिंगहाऊस बनवतो. नाव द्यायची गरज नव्हती, दिलं. तत्त्वाने विरोध असलेला माणूस प्रतिस्पर्ध्याचं नाव घालता येतंय म्हटल्यावर तत्त्वाला वळसा घालतो, ही त्या पत्रातली खरी उलटी दिशा. एडिसनच्या पुढच्या सगळ्या वागण्यापेक्षा मला ते पत्र जास्त अस्वस्थ करतं, कारण ते खाजगी होतं, शांत डोक्याने लिहिलेलं होतं, आणि त्यातलं काहीही असत्य नव्हतं.

पण वेस्टिंगहाऊसची बाजूही बघा. विद्युत खुर्चीची पहिली शिक्षा विल्यम केमलरला झाली, आपल्या जोडीदारणीचा कुऱ्हाडीने खून केलेला एक गरीब, दारुडा माणूस. त्याच्यासाठी अचानक बर्क कॉक्रन नावाचा महागडा वकील उभा राहिला. पैसे वेस्टिंगहाऊसचे, असं तेव्हाही सगळे मानत होते. वेस्टिंगहाऊस नाकारत राहिला. युक्तिवाद असा की ही शिक्षा क्रूर आहे, कारण एसीने माणूस नक्की मरेल याची खात्री नाही. १८८९ च्या जुलैमध्ये एडिसन साक्षीला आला आणि म्हणाला की नक्की मरेल. म्हणजे ज्याला एसी विकायचा होता त्याच्या बाजूने दयेची भाषा होती आणि ज्याला डीसी विकायचा होता त्याच्या बाजूने विज्ञानाची. दोघांच्याही मध्ये केमलर. ६ ऑगस्ट १८९० रोजी त्याला खुर्चीत बसवलं. पहिला झटका सतरा सेकंदांचा. डॉक्टरांनी मेला म्हणून सांगितलं आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की तो श्वास घेतोय. पुन्हा प्रवाह सुरू करावा लागला, जास्त दाबाने, जास्त वेळ. एसी नक्की मारतो हेही खरं ठरलं आणि ही शिक्षा क्रूर आहे हेही.

आता ती हत्तीण. तिचं नाव टॉप्सी, ४ जानेवारी १९०३ रोजी कोनी आयलंडच्या बागेत तिला विजेने मारलं आणि एडिसनच्या नावाच्या फिल्म कंपनीने त्याचं चित्रीकरण केलं. पण तोवर भांडण संपून दहा वर्षं झाली होती. १८९२ मध्येच एडिसनची कंपनी विलीन होऊन जनरल इलेक्ट्रिक झाली होती, एडिसन त्या धंद्यातून बाजूला पडला होता आणि नवी कंपनी स्वतः एसी विकत होती. १८९३ च्या शिकागोच्या जत्रेत वेस्टिंगहाऊसचे दिवे लागले, १८९६ मध्ये नायगाराची वीज बफेलोला गेली. एडिसन तिथे हजर असल्याचा किंवा त्याने ते घडवून आणल्याचा पुरावा नाही. हत्तीण खरी, फिल्म खरी, कंपनीवरचं नाव खरं. तीन खऱ्या गोष्टी अशा क्रमाने मांडल्या की चौथी खोटी आपोआप मनात तयार होते. एडिसनने एसीशी जे केलं तेच आम्ही टेस्लाभक्तांनी एडिसनशी केलं. मी स्वतः हे फॉरवर्ड केलेलं आहे, दोनदा तरी.

मग वाईट नक्की कशात आहे? हेतूत? मला आधी तसंच वाटलं होतं. बॅटरी विकणारा माणूस सोलरचे दोष सांगतो, त्याचा हेतू स्वच्छ नाही, म्हणून ते बोलणं वाईट. पण हे टिकत नाही. आमच्याच गावात गेल्या वर्षी एका घरी सोलर बसलं. २०२४ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉटला ७८ हजार अनुदान, त्यामुळे सगळीकडे बसतंय. बाबा तिथे पंख्याच्या कामाला गेले होते. सहज बोर्ड उघडून पाहिला तर डीसीच्या बाजूला साधी एसीची एमसीबी लावलेली. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच तोडताना पडणारी ठिणगी आपोआप विझायची संधी असते. डीसी शून्यावर येतच नाही. छपरावरच्या सात-आठ पॅनेलांचा एकत्र दाब तीनशे व्होल्टपर्यंत सहज जातो. तिथे चुकीची एमसीबी म्हणजे बंद केली तरी आत जाळ चालू राहू शकतो. बाबांनी त्या पोराला फोन करून बोलावलं आणि ती बदलून घेतली. स्वच्छ हेतू असलेल्या कोणाच्या हे लक्षातही आलं नसतं. सोलरवर खार खाऊन असलेला माणूसच तो बोर्ड इतक्या बारकाईने बघतो. प्रतिस्पर्धी हा कधीकधी सगळ्यांत चांगला तपासनीस असतो.

एडिसनच्या बाबतीतही हे एकदा झालं होतं. तेव्हा मॅनहॅटनच्या रस्त्यांवर तारांचं जंगल होतं, टेलिग्राफच्या, दिव्यांच्या, चालू, बंद पडलेल्या, सगळ्या एकमेकींवर. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी जॉन फीक्स नावाचा टेलिग्राफचा लाइनमन खांबावर चढला. तो ज्या तारेला हात लावत होता ती कमी दाबाची होती, पण कुठेतरी दूर तिच्यावर उच्च दाबाची एसी तार पडलेली होती. भर दुपारी, खाली गर्दी जमलेली असताना, त्याचं शरीर तारांत अडकून कितीतरी वेळ जळत राहिलं. एडिसन कधीपासून सांगत होता की तारा डोक्यावरून नेऊ नका. त्याच्या स्वतःच्या तारा पहिल्यापासून जमिनीखालून होत्या. फीक्सचा मृत्यू हा एडिसनचं म्हणणं बरोबर असल्याचा पुरावा होता आणि तो पुरावा फीक्सच्या बायकोसाठी खोटा नव्हता.

पण पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर १८८९ मध्ये, नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यूमध्ये एडिसनने लेख लिहिला. आणि त्यात तो म्हणाला, उच्च दाबाच्या तारा जमिनीखाली घालूनही उपयोग नाही, मरण फक्त रस्त्यावरून घरात आणि दुकानात येईल. एसीवर सरळ बंदीच हवी. म्हणजे ज्या उपायाने फीक्ससारखे लाइनमन वाचले असते तो उपायच त्याने नाकारला, कारण त्या उपायाने एसीसुद्धा वाचला असता. मला वाटतं, त्याचा खरा अपराध इथे आहे. धोका दाखवण्यात नाही, स्वार्थापोटी दाखवण्यातही नाही. धोका जिवंत ठेवण्यात आहे.

हे वाक्य लिहिलं आणि बाबांचं दुसरं वाक्य आठवलं : लाइट गेली की सोलरपण बंद पडतं.

का बंद पडतं? कारण छपरावरचं सोलर जर लाइट गेल्यावरही तारेत वीज सोडत राहिलं, तर बंद समजून खांबावर चढलेला लाइनमन मरेल. म्हणून यंत्रातच अशी सोय असते की तारेतली वीज गेली की तेही थांबलं पाहिजे. ही खोट नाही, कोणासाठी तरी मुद्दाम केलेली व्यवस्था आहे. आणि हे बाबांना कोणी सांगायची गरज नाही. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आलं तेव्हा बाबा ठेकेदाराकडे लाइनीच्या कामावर होते. मी सहावीत होतो. वादळानंतर तिसऱ्या दिवशी, लाइन बंद असल्याची खात्री करून, बाबा एका खांबावर चढले. वाडीतल्या कोणीतरी घरचा जनरेटर मेन स्विच न पाडता चालू केला होता. ती वीज उलटी डीपीतून जाऊन, दाब वाढून, वरच्या तारेत आली. डाव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत. सुरूच्या बनाकडून वारं आलं की ती दुखतात असं ते म्हणतात. त्यानंतर त्यांनी लाइनीचं काम सोडलं आणि बॅटऱ्या विकायला लागले.

त्या बोटांच्या माणसाने काकींना सांगितलं, "लाइट गेली की बंद पडतं." का, ते नाही सांगितलं.

मी रात्री जेवताना विषय काढला. बाबा म्हणाले, "मी काय खोटं बोललो?" मी म्हटलं, खोटं नाही, पण कारण नाही सांगितलंत. ते बराच वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, "वादळात त्या बाईला लाइट हवी असते रे. २०२१ ला तौक्ते आलं तेव्हा काळोखात बसल्या होत्या त्या, तू नव्हतास. कारण सांगून लाइट येते का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते बरोबरही होतं. बॅटरीवाला इन्व्हर्टर वादळात खरंच कामाला येतो. विजेचं बिल कमी करायचं तर सोलर आणि काळोखात बसायचं नाही तर बॅटरी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि बाबांनी ते एकत्र केले. त्यांच्यासारखंच मी वेग आणि क्रम हे दोन प्रश्न एकत्र केले होते. मी त्यांना माझ्या आलेखाची गोष्ट सांगितली नाही.

थोडं आडवळण. कुठला करंट मारतो यावर एवढी भांडणं झाली, पण एसीने जे खरं नवं आणलं त्यावर कोणीच भांडलं नाही, ते म्हणजे अंतर. पर्ल स्ट्रीटचा धूर पर्ल स्ट्रीटवरच पडत होता. एसी आल्यावर वीज एकीकडे आणि किंमत दुसरीकडे असं करता आलं. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ मध्ये सुरू झालं, घाटाच्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. पुढच्या धरणासाठी मुळशी खोऱ्यातली गावं बुडणार म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला. आमच्या जिल्ह्यात पोफळीला कोयनेचं वीजघर आहे. ती वीज घाट चढून जाते आणि धरणात गेलेली गावं घाटावरची. आणि एसीला दोष द्यावा तर चंद्रपूरहून पडघ्याला १९९९ पासून जी ७५२ किलोमीटरची लाइन आहे ती डीसी आहे, ५०० किलोव्होल्टची. दाब वाढवता येत नाही म्हणून हरलेला डीसी, इलेक्ट्रॉनिक्स आल्यावर लांबच्या अंतरालाच परत आला. कोळशाची राख चंद्रपुरात, उजेड इकडे. मुंबईच्या लोकल १९२५ पासून डीसीवर धावल्या, २०१६ मध्ये हार्बरवरून शेवटचा डीसी गेला, आणि कोकण रेल्वे २०२२ मध्ये डिझेलवरून एसीवर आली. त्या त्या वेळी त्या त्या मोटरला जे सोसलं ते. माझा लॅपटॉप, फोन, घरातले एलईडी सगळे आत डीसीच आहेत. कोण जिंकलं हा प्रश्न आता मला कंटाळवाणा वाटतो.

तर काकी. मी पुण्याला परत निघायच्या आदल्या दिवशी त्या पुन्हा आल्या आणि या वेळी थेट मला विचारलं, "तू शिकलेला आहेस, तू सांग. लावू का?" बाबा आतल्या खोलीत होते, पण दार उघडं होतं. मी सगळं सांगितलं. बिलात काय फरक पडेल, डीसीला वेगळी एमसीबी लागते आणि ती लावलेली आहे का हे बघून घ्यायचं, लाइट गेल्यावर बंद का पडतं आणि ते कोणासाठी. शेवटी, थोडा आवाज उतरवून, म्हणालो, "आणि काकी, बाबांचा धंदा बॅटरीचा आहे, तेही लक्षात घ्या."

काकी हसल्या. "ते काय तू सांगायला हवं? म्हणून तर भावजींना विचारलं. सोलरवाला चांगलं तेवढंच सांगणार. वाईट काय ते हे सांगणार. दोघांचं ऐकलं की झालं."

मी गप्प झालो. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बाबांचा स्वार्थ काकींना पहिल्या शब्दापासून दिसत होता, त्यांनी तो हिशेबात धरूनच ऐकलं होतं. गावात कोण काय विकतो हे माहीत नसतं असा माणूसच नाही. ब्राउनचं तसं नव्हतं. तो स्वतंत्र म्हणून मिरवत राहिला आणि १८८९ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या टेबलातून चोरलेली पत्रं न्यूयॉर्क सनने छापली तेव्हा लोकांना कळलं की त्याच्यामागे एडिसनची कंपनी आहे. तोवर कायदा झाला होता, यंत्रं घेऊन झाली होती. आणि माझ्या आलेखाच्या खाली लिहिलं होतं, 'निःपक्ष कार्यक्षमता तुलना'. तो शब्द मी टाकला होता. कोणी सांगितला नव्हता.

क्रम चुकला असं समजून मी इतके दिवस स्वतःला टोचत होतो, पण ग्राहकाला जर ठाऊक असतं की ही विकणाऱ्याने केलेली तुलना आहे, तर त्याने कदाचित स्वतःच विचारलं असतं, आधी कुठलं चालवलंत? तो एक शब्द टाकून मी त्याचा प्रश्नच काढून घेतला. तरी काकींच्या उत्तराने बाबा पूर्ण सुटतात असंही मला वाटत नाही. दोघांचं ऐकलं की झालं हे खरं, पण लाइनमनसाठी बंद पडतं ही गोष्ट सोलरवालाही सांगत नव्हता, त्याला ती अडचणीची होती. बाबांनाही अडचणीची होती. दोन उलट स्वार्थांच्या मधून एक खरी गोष्ट सटकून जात होती, आणि ती नेमकी खांबावरच्या माणसाची होती.

पुण्याला आल्यावर मित्राला मेसेज केला. क्रमाचं लिहिलं, त्या शब्दाचं लिहिलं. त्याने दोन दिवसांनी उत्तर दिलं : "माहिती होतं. आम्हीपण आमच्या स्लाइडवर उलट्या क्रमाने चालवलेलं." खाली हसणारी खूण होती. त्यावर काय लिहावं कळलं नाही म्हणून मी काहीच लिहिलं नाही.

काकींनी अजून सोलर लावलेलं नाही, पाऊस संपल्यावर बघू म्हणतात. परवा फोनवर बाबा म्हणाले, तो पोरगा पुन्हा माप घ्यायला आला होता, या वेळी काकींनी बाबांनाही स्लॅबवर बोलावलं. मी विचारलं, मग? "मग काय, चढलो. अर्थिंग कुठून काढणार ते त्याला दाखवलं." आणि लाइट गेल्यावरचं? थोडा वेळ फोनवर नुसता समुद्राचा आवाज आला. "सांगितलं," बाबा म्हणाले. "हात दाखवून सांगितलं. बॅटरी एक घेणारच आहेत त्या."